रोजच्या जगण्यात कोआन कसा धरावा

झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतील गुरू शिष्यापुढे एखादा छोटा प्रसंग, संवाद किंवा प्रश्न ठेवतात आणि तो घेऊन ध्यानाला बसायला सांगतात. त्याला कोआन म्हणतात. 'एका हाताचा आवाज कसा असतो' हा हाकुइन एकाकू (१६८६–१७६९) या जपानी गुरूंचा प्रश्न आपल्याकडेही अनेकांच्या कानावरून गेलेला असतो. 'एका हाताने टाळी वाजत नाही' ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसलेली आहे की प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर तयार होते. ऐकणारा हसतो, आणखी दोन-चार चतुर उत्तरे देतो आणि विषय तिथेच मिटतो. माझ्या मते कोआनचे यापेक्षा मोठे नुकसान दुसरे नाही. कोड्याचे उत्तर सापडले की कोडे बाजूला ठेवता येते. कोआन मात्र आपण पुढचे काम कसे करतो, समोरच्याशी कसे बोलतो, हातातले भांडे कसे खाली ठेवतो, यात उतरला तरच तो उलगडला असे झेन गुरू मानतात. म्हणून या लेखात कोआनची उत्तरे दिलेली नाहीत. बसावे कसे, कोआन निवडावा कसा, तो दिवसभर जवळ कसा ठेवावा आणि कुठे थांबावे, एवढेच मराठवाड्यातील घर, शेत आणि नोकरी डोळ्यांसमोर ठेवून येथे सांगितले आहे.

कोआनमधील बहुतेक संवाद चीनच्या तांग काळातील (६१८–९०७) गुरुशिष्यांचे आहेत आणि त्यांचे मोठे संग्रह पुढे सोंग काळात तयार झाले. त्यांपैकी जपानी नावाने 'मुमोनकान' म्हणून ओळखला जाणारा संग्रह वुमेन हुइकाइ (११८३–१२६०) यांनी १२२८ मध्ये सिद्ध केला. त्यात ४८ कोआन आहेत आणि प्रत्येकाखाली वुमेन यांचे भाष्य व एक छोटी कविता आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला एवढा एक संग्रह पुष्कळ वर्षे पुरतो. १०० कोआनांचा 'हेकिगान-रोकु' हाही तितकाच मान्यता पावलेला संग्रह आहे, परंतु त्यावरील भाष्य फार गुंतागुंतीचे असल्याने तो नंतरसाठी ठेवावा. वुमेन यांच्या आधी दाहुइ झोंगगाओ (१०८९–११६३) यांनी कोआनमधील एकच कळीचा शब्द धरून ध्यान करण्याची पद्धत रुजवली. ती त्यांनी भिक्षूंपुरती ठेवली नाही. संसार आणि राजकारभार सांभाळणाऱ्या गृहस्थांना पत्रे लिहून समजावली. निवांत जागी साधलेले कामाच्या गर्दीत टिकत नसेल तर ते साधलेलेच नाही, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. आपल्यासारख्या संसारी माणसांना कोआनचा उपयोग कसा करावा याची खरी दिशा मला दाहुइ यांच्याकडे दिसते.

प्रश्न विचारून माणसाला जागे करण्याची ही रीत मराठवाड्याला परकी वाटण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगरात स्थापन केलेल्या आणि नागसेनवनात वाढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, ते भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे. त्या संवादात नागसेन राजालाच उलट विचारतो की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का. राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत जातो आणि शेवटी रथ कुठे आहे हा प्रश्न त्याच्याच पदरात पडतो. औंढा नागनाथची कथा तर हिंगोली-परभणीकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तेरला गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, तेव्हा नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले. तिथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले होते. पाय काढून घ्या म्हटल्यावर विसोबा म्हणाले, 'जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव.' वारकरी भक्ती, आंबेडकरी बौद्ध विचार आणि झेन यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्या एकच आहेत असे म्हणणे तिघांवरही अन्याय करणारे होईल. तरीही त्या क्षणी नामदेवांची जी स्थिती झाली ती नीट डोळ्यांसमोर आणावी. म्हाताऱ्याचे पाय हातात धरलेले आहेत, त्यांचे वजन मनगटांना जाणवते आहे, आणि ते ठेवायला जागा सापडत नाही. कोआन धरणे म्हणजे काय, हे समजायला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

बसण्याची रीत

कोआन वाचून संपवायचा नसतो, तो घेऊन बसायचे असते. म्हणून आधी बसणे शिकावे. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. अजिंठ्याच्या विहारांत भिक्षूंच्या कोठड्या आहेत, त्या एका-दोघांना पाठ टेकण्यापुरत्याच आहेत. घरात ओसरीचा, माडीचा किंवा देवघराशेजारचा एखादा कोपरा रोज त्याच वेळी रिकामा मिळाला की पुरे. पहाट सर्वांत चांगली, कारण मार्चनंतर मराठवाड्यात दिवस वर येताच पत्रे आणि स्लॅब तापू लागतात. ज्यांना पहाटे पाणी भरायचे, धारा काढायच्या किंवा शाळेचे डबे करायचे असतात त्यांनी रात्रीची वेळ घ्यावी, परंतु जेवण झाल्याबरोबर बसू नये.

जाड गोधडीची घडी किंवा घट्ट उशी नितंबांखाली घ्यावी, इतकी उंच की दोन्ही गुडघे जमिनीला टेकतील. गुडघे अधांतरी राहिले तर दहा मिनिटांत कंबर बोलू लागते. पद्मासन जमत असेल तर उत्तम, अर्धपद्मासन किंवा साधी मांडीही चालते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाठ न टेकता खुर्चीवर बसावे आणि पावले जमिनीवर सपाट ठेवावीत. कणा सरळ, हनुवटी किंचित आत, जीभ टाळूला लावलेली. उजव्या तळहातावर डावा तळहात ठेवून दोन्ही अंगठ्यांची टोके एकमेकांना हलकीच टेकवावीत. अंगठे दाबले गेले तर मन ताणले आहे आणि घसरले तर झोप येते आहे, हे बसणाऱ्याला लगेच कळते. डोळे मिटू नयेत. आपल्याकडे ध्यान म्हणजे डोळे मिटणे असे समीकरण झालेले आहे, पण झेनमध्ये डोळे अर्धे उघडे ठेवून नजर समोर हात-दीड हातावर जमिनीकडे सोडतात. घरातल्या वावरात, माणसे येत-जात असतानाही जागे राहण्याची सवय यामुळे लागते.

सुरुवातीला श्वास मोजावेत. प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक, एकपासून दहापर्यंत, आणि पुन्हा एक. मधेच कापसाचा भाव किंवा उद्याचा हप्ता आठवून अंक सुटला तर स्वतःला बोल न लावता एकपासून सुरू करावे. झेन मठांत एक उदबत्ती जळेपर्यंत, म्हणजे साधारण ४० मिनिटे बसण्याचा प्रघात आहे. घरी १० मिनिटांनी सुरू करून हळूहळू २५ मिनिटांपर्यंत यावे. रोज १५ मिनिटे बसणारा माणूस आठवड्यातून एकदा दोन तास बसणाऱ्यापेक्षा पुढे जातो, याबद्दल मला शंका नाही. निदान पहिला महिनाभर कोआन हाती घेऊच नये. श्वासावर जरा तरी स्थिर न झालेल्या मनापुढे कोआन ठेवला तर ते त्याचा निबंध लिहू लागते.

निवड आणि धरण्याची पद्धत

कोआन निवडताना सर्वांत विचित्र किंवा सर्वांत प्रसिद्ध कोआनकडे जाऊ नये. आपला दिवस नेमका कुठे अडतो हे आधी पाहावे आणि तिथे बोट ठेवणारा कोआन घ्यावा. एका वेळी एकच. निवडल्यावर तो तीन-चार वेळा वाचून पुस्तक मिटावे आणि आपल्या घरच्या बोलीत मोठ्याने स्वतःला सांगावा, जसा आपण शेजाऱ्याला एखादा झालेला प्रसंग सांगतो. सांगताना जो शब्द किंवा जे वाक्य अडखळवते, तीच कळ समजावी. मग कोआनचा बाकी सगळा भाग सोडून तो एकच तुकडा उच्छ्वासाबरोबर मनात सोडावा, जोर न लावता. अर्थ शोधू नये, उत्तर जुळवू नये. मनाने उत्तर आणून दिलेच तर 'असू दे' म्हणून पुन्हा त्या तुकड्याकडे यावे.

दिवसा तो तुकडा एका ठरावीक कामाला बांधावा. काम रोजचे, हाताने करायचे आणि लहान असावे: चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभे राहणे, मोटार चालू करायला विहिरीवर जाणे, कार्यालयात संगणक उघडणे, एसटीच्या थांब्यावर उभे राहणे. दिवसभर कोआन आठवत राहण्याचा हट्ट धरणारा माणूस तो तिसऱ्या दिवशी विसरतो. एका कामाला बांधलेला कोआन त्या कामाबरोबर आपोआप समोर येतो.

आता काही कोआन प्रत्यक्ष घेऊन पाहू.

वाडगे धुणे

झाओझोउ (७७८–८९७) या गुरूंकडे एक भिक्षू आला आणि म्हणाला, 'मी मठात नुकताच आलो आहे, मला शिकवण द्या.' गुरूंनी विचारले, 'पेज घेतलीस का?' तो म्हणाला, 'घेतली.' गुरू म्हणाले, 'मग वाडगे धुऊन टाक.' मुमोनकानमधील हा सातवा कोआन आहे आणि सुरुवात करणाऱ्याने पहिल्यांदा हाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. एक काम संपण्याआधी मन दुसऱ्यात आणि दुसरे सुरू होताच तिसऱ्यात, अशी ज्यांची तक्रार असते त्यांच्यासाठी तो विशेष आहे.

रात्रीचे जेवण झाल्यावर आपले ताट आपणच उचलावे. ज्या घरात पुरुषाने ताट उचलण्याची रीत नाही तिथे हा कोआन त्या पुरुषासाठीच आहे असे समजावे. ताटाबरोबर भाकरीची परातही घ्यावी. ज्वारीचे पीठ परातीच्या कडेला वाळून पापुद्र्यासारखे बसलेले असते आणि ते कोरडे घासून निघत नाही. नखाने खरवडावेसे वाटते, काथ्या जोरात फिरवावासा वाटतो, आणि त्याच वेळी मन टीव्हीच्या बातमीकडे किंवा उद्याच्या तारखेकडे गेलेले असते. तिथे चार थेंब पाणी शिंपडून थांबावे. पीठ फुगते, कडा सोडते, आणि मग बोटाच्या एका फेरीत निघून येते. या थांबण्यात 'वाडगे धुऊन टाक' हा तुकडा आठवावा आणि बोटांना जे लागते तेवढेच लक्षात घ्यावे: पिठाचा खरखरीतपणा, परातीचा गारवा, राखेचा किंवा साबणाचा बुळबुळीतपणा.

मराठवाड्यात हा कोआन पाण्याशिवाय पुरा होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि टँकरची वाट पाहत रांगेत लावलेल्या घागरी इथल्या कित्येक गावांनी पाहिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील जपानी गुरू गिसान यांच्या स्नानाचे पाणी फार गरम होते, म्हणून एका तरुण शिष्याने गार पाणी आणून त्यात मिसळले आणि बादलीत उरलेले थोडे पाणी जमिनीवर ओतून दिले. गिसान त्याच्यावर रागावले. ते झाडांना का दिले नाहीस, असे त्यांनी विचारले. त्या शिष्याने पुढे 'तेकिसुइ', म्हणजे पाण्याचा थेंब, हे नाव धारण केले आणि तो स्वतः मोठा गुरू झाला. तेव्हा वाडगे किती पाण्यात धुतले आणि ते पाणी कुठे गेले हेही कोआनमध्येच येते. खरकटे पाणी बादलीत धरून परसातल्या कढीपत्त्याला किंवा लिंबाच्या रोपाला घालावे, आणि तिथपर्यंतची चार पावले हाही साधनेचाच भाग मानावा.

चिंता आणून दाखव

झेनचे आद्य आचार्य मानले जाणारे बोधिधर्म यांना त्यांचा शिष्य हुइको म्हणाला, 'माझे मन शांत नाही, ते शांत करा.' बोधिधर्म म्हणाले, 'मन आण, मी शांत करतो.' हुइको म्हणाला, 'पुष्कळ शोधले, पण सापडत नाही.' बोधिधर्म म्हणाले, 'झाले, तुझे मन शांत केले.' हा मुमोनकानमधील ४१ वा कोआन. लातूरला नीटच्या शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलाचे पालक, कर्जाचे नवे-जुने करणारा शेतकरी, बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेला शिक्षक, यांच्यापैकी कोणालाही रात्री दोनला जाग येते आणि मग झोप येत नाही. त्या वेळी हा कोआन वापरावा.

अंथरुणावर उठून बसावे, दिवा लावू नये. 'आणून दाखव' एवढेच स्वतःला म्हणावे आणि चिंता खरोखर शोधायला लागावे, जशी हरवलेली किल्ली शोधतात. ती छातीत आहे का? तिथे श्वास अडकल्यासारखा वाटतो, पण तो श्वास आहे, चिंता नव्हे. घशात आहे का? तिथे कोरडेपणा आहे. पोटात, जबड्यात, कपाळावर, एकेक जागा सावकाश तपासावी. जिथे काही सापडेल त्याचे साधे नाव घ्यावे, ताण, ऊब, धडधड, आणि पुढे जावे. मुलाच्या निकालाचे चित्र मनात उभे राहिले तर तेही पाहावे, मात्र ते चित्र आहे आणि मूल या घडीला आपल्या वसतिगृहात झोपलेले आहे, हे ओळखावे. शोध प्रामाणिक असावा. 'सापडणारच नाही' असे आधी ठरवून शोधणाऱ्याला या कोआनमधून काहीच मिळत नाही. हुइकोने पुष्कळ शोधले होते, म्हणूनच बोधिधर्मांचे उत्तर त्याला लागू पडले.

कर्ज आणि निकाल सकाळी आहे तिथेच असतील. बँकेत जाणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, मुलाला फोन करून तो जेवला का हे विचारणे, ही कामे सकाळी करायचीच आहेत. रात्रीच्या शोधाने ती करण्याइतकी झोप मिळते. आणि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जीव नकोसा वाटणे, कित्येक दिवस झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, असे होत असेल तर कोआन बाजूला ठेवून घरातल्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. ज्या प्रदेशाने इतक्या शेतकऱ्यांना गमावले आहे तिथे ध्यानाला औषधाच्या किंवा कर्जमाफीच्या जागी बसवणे मला मान्य नाही.

उन्हाळा

दोंगशान (८०७–८६९) या गुरूंना एका भिक्षूने विचारले, 'थंडी आणि उन्हाळा आले की ते टाळावेत कसे?' ते म्हणाले, 'जिथे थंडीही नाही आणि उन्हाळाही नाही तिथे का जात नाहीस?' 'अशी जागा कोणती?' 'थंडीत थंडीने तुला मारून टाकावे, उन्हाळ्यात उन्हाने.' हेकिगान-रोकुमधील हा ४३ वा कोआन परभणी-नांदेडच्या मे महिन्यात आपोआप जवळचा होतो.

दुपारी वीज जाते, पंखा थांबतो, कूलरचे पाणी संपलेले असते. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. एक ऊन, जे अंगावर घामाच्या धारेने, कानामागच्या उष्ण झळेने प्रत्यक्ष जाणवते. दुसरी तक्रार, जी 'काय हे, रोजचेच झाले' या शब्दांनी मनात फिरत राहते. पहिल्याकडे पूर्ण लक्ष द्यावे, दुसरीला उत्तर देऊ नये. थोड्याच वेळात कळते की थकवा आणणारा बराच भाग दुसऱ्या गोष्टीचा होता. याचा अर्थ उन्हात जाऊन बसावे असा मुळीच नाही. सावली, माठातले पाणी, डोक्याला उपरणे हे सर्व घ्यावे, म्हातारी माणसे आणि लेकरे यांना दुपारी बाहेर पडू देऊ नये. घाम थांबून अंग तापले किंवा बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात असू शकतो आणि तिथे दवाखाना हाच मार्ग आहे.

भांडण आणि इतर प्रसंग

झेंडा फडफडताना पाहून दोन भिक्षू वाद घालत होते. एक म्हणे झेंडा हलतो, दुसरा म्हणे वारा हलतो. झेन परंपरेचे सहावे आचार्य हुइनेंग म्हणाले, 'झेंडा नाही, वारा नाही, तुमचे मन हलते आहे.' मुमोनकानमधील हा २९ वा कोआन भावकीच्या वादात, विशेषतः बांधाच्या वादात, धरण्यासारखा आहे. मात्र तो दुसऱ्याला ऐकवण्यासाठी कधीही वापरू नये; चुलतभावाला 'तुझेच मन हलते आहे' म्हणणे म्हणजे वाद वाढवणे होय. स्वतः बोलण्यासाठी तोंड उघडण्याआधी एक उच्छ्वास सोडून 'काय हलते आहे' एवढे पाहावे. आवाज चढला आहे का, हात उचलला गेला आहे का, वीस वर्षांपूर्वीचे वाटणीचे बोलणे आता ओठांवर आले आहे का. बांध कुठे आहे हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने ठरते, आणि ती मोजणी अवश्य मागवावी. मोजणी येईपर्यंत दोन घरांचे बोलणे टिकवून धरण्यासाठी कोआन आहे.

घरी कोणी आले की झाओझोउ यांचाच 'चहा घे' हा संवाद आठवावा. मठात पूर्वी आलेल्याला त्यांनी म्हटले 'चहा घे', पहिल्यांदा आलेल्यालाही म्हटले 'चहा घे', आणि दोघांना एकच का म्हणता असे विचारणाऱ्या व्यवस्थापकालाही म्हटले 'चहा घे'. मराठवाड्यात चहा देण्याची वेगळी शिकवण कोणाला द्यावी लागत नाही. तो कोणत्या कपात दिला जातो आणि कोणाला ओट्यावरच दिला जातो, हे मात्र या कोआनच्या उजेडात प्रत्येक घराने तपासून पाहावे.

काम जवळजवळ झाले पण काहीतरी अडले, अशा वेळी वुझु फायान या गुरूंचा कोआन घ्यावा: म्हैस खिडकीतून जाते, डोके, शिंगे, चारही पाय पार झाले, मग शेपूटच का जात नाही? गोठ्यात वाढलेल्या माणसाने तो डोळ्यांसमोर म्हैस उभी करून, तिच्या शेपटीला लागलेल्या शेणामातीसकट धरावा.

नोंद, जोडओळ आणि सावधगिरी

आठवड्यातून एकदा वहीत कोआनबद्दल चार-पाच ओळी लिहाव्यात. त्यात कोआनचा अर्थ लिहू नये. त्या आठवड्यात तो कुठल्या कामात आठवला आणि त्यानंतर हाताने काय केले, एवढेच लिहावे. कोआनवर भर देणाऱ्या रिंझाई या झेन शाखेत आणखी एक सुंदर प्रथा आहे. गुरूंनी कोआन पार झाल्याचे मान्य केले की शिष्याने जुन्या काव्यवचनांच्या संग्रहांतून त्या कोआनला साजेशी एक ओळ शोधून आणायची असते. आपल्याकडे या कामासाठी म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या यांचे केवढे तरी भांडार आहे. कोआन काही आठवडे धरल्यावर घरातल्या आजीला, आत्याला विचारून, किंवा स्वतःच्या आठवणीतून, एक ओळ त्याला जोडून पाहावी. मन शोधणाऱ्या हुइकोला कोणी 'काखेत कळसा, गावाला वळसा' जोडील, कोणी दुसरे काही. ओळ बसली की नाही हे ऐकताच कळते, आणि त्यातून कोआन आपल्या भाषेत कितपत उतरला हेही उमगते.

अतिरेक टाळावा. हाकुइन यांनी तरुणपणी इतका जोर लावून साधना केली की डोके तापणे, पाय गार पडणे, कानात आवाज येणे असा विकार त्यांना जडला. त्यांनी पुढे त्यावर जो उपाय सांगितला तो आपल्या घरांना सहज समजण्यासारखा आहे. डोक्यावर मऊ, सुगंधी लोण्याचा गोळा ठेवला आहे, तो हळूहळू वितळून कपाळ, खांदे, छाती, पोट आणि मांड्यांवरून तळपायांपर्यंत उतरतो आहे, अशी कल्पना करत बसावे. कोआन धरताना कपाळात ताण जाणवू लागला, चिडचिड वाढली, तर काही दिवस कोआन सोडून हेच करावे किंवा पुन्हा श्वास मोजावेत. व्रत मोडल्यासारखा स्वतःला बोल लावत बसण्यात काही अर्थ नाही.

कोआनच्या परंपरेत शिष्य गुरूंना एकांतात भेटतो, आपले उत्तर दाखवतो आणि बहुतेक वेळा परत पाठवला जातो. घरी बसणाऱ्याला हे परत पाठवणे मिळत नाही, ही खरी उणीव आहे आणि ती पुस्तकाने भरून निघत नाही. भारतात या परंपरेचे शिक्षण देणारी जागा तमिळनाडूत कोडाईकॅनालजवळ पेरुमलमलै येथे आहे. फादर आमा सामी या येशू संघीय धर्मगुरूंनी १९९६ मध्ये तिथे बोधि झेंडो हे ध्यानकेंद्र सुरू केले. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्ष-दोन वर्षे घरी नियमाने बसल्यावर तिकडे जाण्याचा विचार करावा. ज्यांना शक्य नाही त्यांनी आपल्या गावात बसणारे आणखी दोघे-तिघे शोधून आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, बसून झाल्यावर कोआनचा अर्थ एकमेकांना सांगू नये, आणि त्या आठवड्यात वाडगे कोणी धुतले एवढे मात्र विचारावे.

एक कोआन निदान एक हंगाम धरावा. सोयाबीन पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण १०० दिवस घेते. तेवढा काळ एका कोआनला द्यावा आणि त्यात तो कंटाळवाणा वाटू लागला तरी बदलू नये, कारण कंटाळा येतो तेव्हा आपण जमवलेली हुशार उत्तरे संपलेली असतात. हंगाम झाल्यावर वहीतील नोंदी एका बैठकीत वाचाव्यात, आणि ज्या कामात तो कोआन सर्वांत कमी आठवला ते काम पुढच्या कोआनसाठी निवडावे.